एक काम, अनेक नावे

कायद्याच्या मसुद्यात आरंभीच व्याख्यांचे कलम असते. एका शब्दाला एक अर्थ, हा तिथला दंडक. गूगलच्या संवाद-सेवांना तो मान्य नसावा. २००५ साली टॉक आले, २०१३ साली हँगआउट्स. २०१६ मध्ये ॲलो आणि ड्युओ ही जोडी अवतरली. ॲलो २०१९ मध्ये मावळले, हँगआउट्स २०२२ मध्ये. त्याच वर्षी ड्युओचे नामकरण मीट असे झाले. पण मीट तर आधीपासूनच नांदत होते! मग त्या बिचाऱ्या जुन्या मीटच्या नावाला ‘मूळ’ असे विशेषण जोडावे लागले. जमिनीच्या उताऱ्यावर अशी नोंद झाली असती, तर आम्हा वकिलांच्या दोन पिढ्या त्या एका दाव्यावर पोसल्या गेल्या असत्या.

नावांचे सोडा. बेळगाव, इंदूर, बडोदे येथील मराठी माणसाला एकत्र बसण्यासाठी राज्याची चौकट नाही. आंतरजालावरचा कट्टा हाच आमचा सामाईक वाडा. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी मिटले, गूगल प्लस २०१९ मध्ये. प्रत्येकाला आपापला मजकूर उतरवून घेण्याची मुभा मिळाली, हे खरे. पण दहा गावच्या माणसांनी मिळून घातलेला वाद असा वाटून घेता येत नाही.

संसदेने कायदा रद्द केला, तरी १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे कलम ६ त्याखाली मिळालेले हक्क सामान्यतः राखून ठेवते. सेवा गुंडाळणाऱ्या कंपनीवर असे बंधन का नसावे? समुदाय अखंडपणे दुसरीकडे नेता यावा, एवढीच आमची मागणी आहे.