दाढीच्या डबीतले साल

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की खानदेशात घरोघर माळे उतरवले जातात, आणि त्या पंधरा दिवसांत मी सहसा घरी सापडत नाही. जळगावात आणि धुळ्यात माझे काही ठरलेले भंगारवाले आहेत. फुटक्या समया, मोडके स्टो, बिनझाकणाचे डबे यांच्या ढिगात हात घालून मी सेफ्टी रेझर शोधत असतो. जुना रेझर बहुधा पितळेचा. वर निकेलचा किंवा चांदीचा मुलामा. भंगारवाला तो किलोवर घेतो आणि किलोवर देतो. एकदा मुशीत गेला की कारभार आटोपला. म्हणून ही घाई.

हा माल आमच्या भागात आला कसा, असे पुष्कळजण विचारतात. माझा तर्क साधा आहे. भुसावळला रेल्वेची मोठी वसाहत, अमळनेरला प्रताप मिल, जळगाव-धुळ्याला कापसाची पेठ. साहेब, अँग्लो-इंडियन गार्ड, जिनांचे मॅनेजर, मागाहून वकील आणि मास्तर. या मंडळींना रोज सकाळी न्हाव्याची वाट पाहत ओट्यावर बसणे परवडणारे नव्हते. गावगाड्यातला न्हावी बलुत्यावर काम करी, पण तो त्याच्या सवडीने येई. सेफ्टी रेझराने माणसाला प्रथमच स्वतःच्या गालाचा मालक केले म्हणा ना!

आता मुद्द्याकडे वळू. हाती आलेला रेझर कोणत्या सालचा?

इथे नवखा माणूस पहिल्याच पायरीवर घसरतो. डबीवर किंवा मुठीवर ‘पेटंट, १५ नोव्हेंबर १९०४’ अशी अक्षरे दिसली की तो हरखतो. पण ते साल पेटंटचे, रेझरच्या जन्माचे नव्हे. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन गृहस्थाची कंपनी १९०१ साली निघाली, विक्री १९०३ साली सुरू झाली, आणि त्या पहिल्या वर्षी अवघे ५१ रेझर आणि १६८ ब्लेडे खपली. पुढच्याच वर्षी रेझरांचा आकडा नव्वद हजारांवर गेला. पेटंट १९०४ चे, ते १९२१ पर्यंत चालले, आणि तेवढी सगळी वर्षे तीच तारीख मालावर छापली जात होती. तेव्हा त्या तारखेवरून एवढेच ठरते की वस्तू त्याआधीची नाही.

हा जिलेट मोठा वल्ली होता बरे का. ब्लेड सुचण्याआधी, १८९४ साली, त्याने एक पुस्तक लिहिले होते. सगळ्या अमेरिकेने एकाच अजस्र नगरात राहावे आणि नायगराच्या धबधब्यावर त्या नगराची वीज चालावी, असा त्यात बेत. स्पर्धा आणि व्यापार यांना त्यात शिव्याशाप. आणि पुढे याच माणसाचा मिशाळ चेहरा ब्लेडच्या वेष्टनावर बसून दुनियाभर व्यापार करीत फिरला. १९३२ साली तो वारला तेव्हा संपत्तीचा बराच भाग हातचा गेलेला होता.

असो. पेटंट सरायची वेळ आली तशी कंपनीने १९२१ साली नवा, सुधारलेला रेझर पाच डॉलरांना काढला आणि जुना एका डॉलरला विकायला ठेवला. १९३० साली पुन्हा बदल झाला. रेझर हातातून पडला की टोपीचे कोपरे वाकत आणि गाल कापे. म्हणून टोपीचे कोपरेच छाटून टाकले, आणि ब्लेडच्या मधोमध तीन गोल भोकांऐवजी लांब खाच आली. तेव्हा टोपी उलटी करून पाहावी. मधला आट्यांचा खिळा आणि दोन बाजूंना दोन गोल खुंट्या असतील, तर चाल १९३० पूर्वीची. मात्र चाल जुनी म्हणजे वस्तू जुनी नव्हे. त्याच नमुन्याच्या स्वस्त नकला पुढे कितीतरी वर्षे निघत राहिल्या. वजन हलके, आटे ढिले आणि मुठीवरची नक्षी उथळ असेल तर मी हात आखडता घेतो.

कंगव्यासारखे दाते जाऊन त्यांच्या जागी सरळ दांडी आलेला ‘टेक’ नावाचा रेझर १९३८ चा. मुठीचे टोक फिरवताच डोक्यावरची दोन दारे उघडणारा प्रकार १९३४ पासूनचा. अमेरिकन कारखान्याने पुढे डोक्याच्या खालच्या अंगाला एक इंग्रजी अक्षर आणि एक आकडा कोरायला सुरुवात केली. अक्षर वर्षाचे, आकडा तिमाहीचा. ए म्हणजे १९५५, ई म्हणजे १९५९. जर्मन मालावर डी. आर. जी. एम. ही अक्षरे असली तर ती जुन्या जर्मन राइखच्या नोंदणीची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या पलीकडची. रोल्स रेझर हे आणखी एक प्रकरण: चपटी चकचकीत पेटी, आतच दगड आणि चामडे, दांडा मागेपुढे करून पाते परजायचे. लंडनची ती कंपनी १९६४ साली कपडे धुण्याच्या यंत्रांच्या धंद्यात बुडाली.

पण खरी मौज डबीत आहे, आणि ती परदेशी पुस्तकांत सापडायची नाही. दुकानदाराने आत चिकटवलेली चिठ्ठी वाचा. तिच्यावर ‘पू. खा.’ म्हणजे पूर्व खानदेश असेल, तर दुकान १९०६ च्या पुढचे. कारण त्या वर्षी एका खानदेशचे दोन जिल्हे झाले, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर ही नावे जाऊन जळगाव आणि धुळे आली. किंमत आण्यांत असेल तर १९५७ च्या एप्रिलपूर्वीची; ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ यांच्या दरम्यानची; पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर १९७२ नंतरची. फक्त एक सावधगिरी: डबी आणि रेझर यांचे लग्न मुळातले आहे की भंगारवाल्याने लावलेले, हे आधी तपासावे. मखमलीत उमटलेला खड्डा रेझराच्या अंगाशी जुळला पाहिजे.

हे शास्त्र कधी कधी जिवावर येते. धुळ्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी मला मुद्दाम बोलावून घेतले. त्यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होते. तिथून आणलेला रेझर ते संग्रहालयाला देणार होते. ‘इ. स. १९१७’ अशी पाटीसुद्धा सुरेख अक्षरांत लिहून तयार. मी डबी उघडली. आत इंग्लंडात बनलेला टेक, सरळ दांडीचा! गप्प बसणे सोपे होते. पण काचेच्या कपाटातली चुकीची पाटी पन्नास वर्षे हलत नाही, आणि तिच्यावरून पुढचे लोक लिहीत सुटतात.

मी म्हणालो, “गुरुजी, हा १९३८ च्या आधीचा असूच शकत नाही.”

गुरुजींचा चेहरा पडला. “भाऊ, लहानपणापासून ऐकत आलोय हो,” एवढेच म्हणाले.

आत खाटेवर त्यांच्या मातुःश्री होत्या, नव्वदी उलटलेल्या. त्यांना रेझर हातात हवा होता. मूठ चाचपून म्हणाल्या, “हाऊ ते तुना बापनी लयेल शे.” मग हळूहळू सगळे निघाले. मुलाच्या वडिलांनी गिरणीत पहिला बोनस मिळाला तेव्हा जळगावहून तो आणला आणि त्या दिवसापासून घरचे न्हाव्याचे बलुते बंद केले. आजोबांचा तो वस्तरा होता, हस्तिदंती मुठीचा. आता घरात कोणाला लागत नाही म्हणून तो त्याच न्हाव्याला देऊन टाकला. लढाईवरून आलेली वस्तू अशी गेली, आणि तिची गोष्ट मात्र मागे राहून या रेझराला चिकटली.

गुरुजी बराच वेळ रेझर उलटासुलटा करीत बसले. मग त्यांनी पाटी उलटवली आणि मागच्या कोऱ्या बाजूला वडिलांचे नाव लिहिले. सालाच्या जागी काय लिहावे म्हणून त्यांनी आईला विचारले. त्या म्हणाल्या, तू पाळण्यात होतास. संग्रहालयाचा विचार मात्र त्यांनी सोडला. रेझर घरीच आहे.

आता माळ्यावरून डबी निघालीच तर एक विनंती: चिंच आणि राख लावून घासू नका. मुलामा जातो, त्याबरोबर बारीक अक्षरे जातात, आणि उरते ते भंगारवाल्याचे पितळ. कोमट पाणी, साबण, दातांचा जुना ब्रश, बस्स. आतली चिठ्ठी ओली करू नका, आणि कागदात गुंडाळलेली ब्लेडे निघाली तर कागद फेकू नका.

याने दाढी होते का, हा प्रश्न तर ठरलेलाच. होते! आज किराण्याच्या दुकानात मिळणारे दुधारी ब्लेड शंभर वर्षांपूर्वीच्या रेझरातही चपखल बसते. मी दर रविवारी १९२१ पूर्वीच्या एका रेझराने करतो. हनुवटीपाशी जरा सांभाळावे लागते.