परदेशाचा बेत आणि वाईट महिना

घरबसल्या संकेतस्थळ चालवून जाहिरातींचे डॉलर मिळवता येतात, हे गूगलने 2003 मध्ये ‘अ‍ॅडसेन्स’ सुरू केल्यापासून आपल्या तरुणांच्या चांगलेच अंगवळणी पडले आहे. कमाई कुठूनही होते, मग परदेशातच का राहू नये, हा त्यांचा पुढचा प्रश्न. पोर्तुगालने 2022 मध्ये अशांसाठी खास व्हिसा काढला. अट एवढीच की, मासिक उत्पन्न तिथल्या किमान वेतनाच्या निदान चौपट हवे.

ही ‘एवढीच’ अट भारी आहे. या उत्पन्नाला पगाराची शाश्वती नसते. शोधयंत्राने क्रम बदलला की वाचक आटतात आणि डॉलरही. शिवाय पैसा कुठलाही असला, तरी कायदा माणसाला पत्ता विचारतोच. वर्षात 182 दिवस भारतात काढले, तर प्राप्तिकरासाठी तुम्ही इथले निवासी. बेमुदत बाहेर गेलात, तर साधे बचत खाते अनिवासी ‘एनआरओ’ करून घ्यावे लागते.

बेत जरूर करावा. मात्र आम्ही बँकवाले कर्ज मागणाऱ्या दुकानदाराला त्याचा सर्वांत वाईट महिना विचारत असू. व्हिसाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.