मते पुसा, मग काम मागा!

नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणांना सध्या एक नवा उपदेश केला जात आहे. अर्ज धाडण्यापूर्वी फेसबुक-इन्स्टाग्रामवरील खाती तपासा, मोर्चाची छायाचित्रे पुसून टाका, सरकारवर वा एखाद्या कारखान्यावर टीका केली असेल तर ती काढा, आणि आपण किती उत्साही व 'सकारात्मक' आहोत हेच दिसेल अशी व्यवस्था करा. व्यवहारचातुर्य म्हणून दिला जाणारा हा धडा वस्तुतः ताबेदारीचा आहे.

कासूसारख्या गावात त्याचा अर्थ काय होतो ते पाहावे. पेण आणि रोह्याच्या मधल्या या टापूतील मुलाने काम शोधायचे ते डोलवी, नागोठणे किंवा धाटावच्या कारखान्यांत, आणि पुष्कळदा कंत्राटदाराच्या हातून. कंत्राटी कामगाराला दूर करण्यासाठी आरोपपत्र लागत नाही, चौकशी लागत नाही. त्याचा गेटपास पुन्हा निघत नाही, एवढेच. खाडीच्या पाण्याबद्दल दोन ओळी लिहिल्या म्हणून यादीतून नाव गळले, हे त्याने कोणापुढे आणि कसे सिद्ध करावे?

मालकाला ही टेहळणी परवडते, कारण एका जागेसाठी दाराशी अनेक उमेदवार उभे असतात. मार्क्सने वर्णिलेली श्रमिकांची राखीव फौज ती हीच. शटडाऊनच्या दिवसांत निष्णात वेल्डर मिळेनासा झाला की त्याची राजकीय मते कोणी विचारीत नाही! तेव्हा प्रश्न तरुणांच्या सभ्यतेचा नसून बेकारीचा आहे.

२१ सप्टेंबर २००८ रोजी याच पेण तालुक्यातील २२ गावांतील शेतकऱ्यांचे मत विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर सरकारनेच अजमावले होते. बापाच्या मताची सरकारदरबारी नोंद झाली. मुलाने मात्र मत असल्याची खूणही ठेवू नये, असा हा न्याय आहे.

कायदा काय म्हणतो? संघ व जनसंघाच्या कार्यात भाग घेतल्याच्या पोलिसी अहवालावरून मध्य प्रदेशातील एका शिक्षकाला सरकारी सेवेतून काढण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली ती कारवाई टिकू दिली नाही. तो शिक्षक आपल्या विचारांचा नव्हता, म्हणून तर तो निर्णय आपल्या कार्यकर्त्यांनी अधिक आग्रहाने सांगावा. परंतु हे घटनात्मक कवच मुख्यतः शासनाविरुद्ध चालते. खाजगी मालक त्याच्या कक्षेबाहेर राहतो. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याकडे पाहावे, तर व्यक्तीने स्वतः जाहीर केलेली माहिती त्यातून वगळलेली आहे, आणि नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरण्यास संमतीची अटही शिथिल केलेली आहे. म्हणजे ज्या दाराला कडी हवी, तेच दार उघडे! भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेतसुद्धा मेरीलँड राज्याने २०१२ साली उमेदवाराकडे त्याच्या खात्याचा पासवर्ड मागण्यास मालकांना मनाई केली.

स्त्रियांना धमकावणारा किंवा दलितांना जातीवरून शिव्या देणारा मजकूर लिहिणाऱ्याची बाजू येथे कोणी घेत नाही. त्यासाठी फौजदारी कायदे आहेत, १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. गुन्ह्याचा निवाडा न्यायालयाने करावा, कंत्राटदाराच्या मुकादमाने नव्हे.

घरची चूल पेटायची म्हणून एखाद्याने आपले खाते कुलूपबंद केले, तर त्याला भ्याड म्हणण्याचा अधिकार निवृत्तिवेतन घेणाऱ्या माझ्यासारख्याला नाही. पण पक्षाने आणि कामगार संघटनांनी तेवढ्यावर थांबता कामा नये. उमेदवाराची खाती मागण्यास व राजकीय अथवा संघटनाविषयक मतांवरून नोकरी नाकारण्यास बंदी घालणारा कायदा हवा. ती बंदी कंत्राटदारालाही लागू हवी, आणि नाकारण्याचे कारण लेखी देण्याचे बंधन मालकावर हवे. तोवर पेण-रोह्याच्या कार्यकर्त्यांनी गेटपास नाकारल्याची प्रत्येक तक्रार तारखेनिशी वहीत उतरवून ठेवावी आणि ती वही घेऊन कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जावे.