यखनी आधी घरात, मग बाजारात

मोठ्या शहरांतील दुकानांत आणि मोबाइलवरच्या खरेदीत अलीकडे एक नवा माल दिसू लागला आहे. इंग्रजीत त्याला 'बोन ब्रॉथ' म्हणतात. डबी देखणी, तिच्यावर तब्येतीचे डझनभर दावे, आणि किंमत वाचून माणसाने चष्मा पुसून पुन्हा वाचावे अशी. आत पाहिले तर काय? यखनी! आमच्या घरांत बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला आणि थंडीत सगळ्यांनाच देतात तीच. आम्ही कापडाचे व्यापारी. स्वयंपाकावर लिहिणे हा आमचा पेशा नव्हे. परंतु या मालात आम्ही पैसा घालून हात पोळून घेतला आहे, म्हणून चार शब्द लिहिण्याचा हक्क आम्हाला पोहोचतो.

आमच्या लहानपणी मालेगावात पाये रात्रभर शिजत. अम्मी इशाच्या नमाजनंतर देगची निखाऱ्यांवर ठेवीत, झाकणाच्या कडेला कणीक लावीत आणि फजरला उठून उघडीत. घरात कुकर आला तेव्हा त्यांनी त्यात कित्येक महिने फक्त डाळ शिजवली. पाये त्यात शिजवणे म्हणजे चवीशी बेइमानी, असे त्यांचे मत होते. गंमत अशी की कुकर मुळात जन्मला तोच हाडांसाठी! दनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचे भांडे मांडले आणि १६८१ मध्ये त्यावर पुस्तक काढले. त्याचा हेतू डाळ-तांदळाचा नव्हता. टाकून दिली जाणारी हाडे मऊ करून गरिबाच्या ताटात अन्न पडावे, हा होता. भांडे फुटू नये म्हणून वाफेला वाट देणारी झडपही त्यानेच बसवली.

कुकरची करामत एवढीच की उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, आणि दाबाखाली ते १२० अंशांच्या आसपास पोहोचते. त्यामुळे हाडाच्या टोकावरची कुर्ची, स्नायूंच्या दोऱ्या आणि कातडी यांतले कोलॅजन लवकर विरघळून त्याचे जिलेटीन होते. रात्रीचे काम तासा-दीड तासात आटोपते आणि इंधन वाचते. व्यापारी माणसाला यापेक्षा मोठी शिफारस लागत नाही.

आता रीत. हाडे निवडताना नळी घ्या, पण नुसती नळी नको. नळीने चरबी आणि चव येते, दाटपणा सांध्यांनी आणि पायांनी येतो. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल व वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, तेव्हा मोठ्या जनावराची हाडे म्हणजे म्हशी-रेड्याचीच. बकरीचे पाये भाजून, खरवडून आणलेले असले तरी घरी एकदा नीट पाहावे. खुराच्या फटीत राख राहतेच. मग हाडे पाण्यात पाच-सात मिनिटे उकळून ते पाणी फेकून द्यावे आणि हाडे धुवावीत. ही पायरी आळसाने गाळली तर यखनी गढूळ होते, वासही मारते. यानंतर कुकरमध्ये हाडे बुडतील एवढे पाणी, कांदा, आले, लसूण, काळी मिरी, दालचिनीचा तुकडा. सगळे मिळून दोन-तृतीयांशाच्या वर भरू नये. मीठ शेवटी. पहिली शिटी मोठ्या आचेवर, मग आच अगदी बारीक: कोंबडीच्या हाडांना पाऊण तास, बकरीच्या पायांना तास-सव्वा तास, मोठ्याला दोन तास. एवढा वेळ ठेवायचे तर मध्ये एकदा आच बंद करून, वाफ आपोआप जाऊ देऊन पाणी पाहावे. शिटीची नळी दर वेळी फुंकून बघावी, कातडीचा कपटा तिथे अडकतो. घाईने शिटी उचलणाऱ्यांच्या हातावरचे डाग आम्ही आमच्याच घरात पाहिले आहेत.

गाळलेली यखनी थंड झाल्यावर थरथरू लागली की समजावे, माल अस्सल आहे. वरची चरबी काढून ठेवावी, तिच्यात पुलावाची फोडणी उत्तम होते.

दाव्यांविषयी मात्र आमचे मन साशंक आहे. कांजी लावून जड केलेल्या कापडाचे खरे रूप पहिल्या धुण्यात कळते. यखनीने हाडे मजबूत होतात म्हणतात, पण हाडातला चुना पाण्यात फारच थोडा उतरतो. पॅरिसमध्ये एके काळी हाडांचे जिलेटीन गरिबांना आणि इस्पितळांतील रोग्यांना मांसाऐवजी दिले जाई. माजांदी यांच्या समितीने १८४१ मध्ये सांगितले की नुसत्या जिलेटीनवर शरीर पोसले जात नाही. म्हणून यखनी डाळ, अंडे, गोश्त यांच्या जागी नव्हे, त्यांच्या जोडीला. ज्यांना युरिक ॲसिडचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्यावी.

आता आमच्या पोळलेल्या हाताची हकीकत. आमची एक भाची तीन वर्षांपूर्वी बेवा झाली. पदरात दोन मुले, हाताला चव. तिने यखनी विकायचे ठरवले आणि आम्ही ३५ हजार रुपये लावले: दोन मोठे कुकर, एक जुना फ्रीज, काचेच्या बरण्या, छापील लेबले. "मामू, रोज थोडी थोडी करू का?" असे तिने विचारले होते. आम्ही म्हणालो, "सीझनच्या आधी माल भरून ठेवायचा असतो." तागे रचून ठेवण्याची ही आमची चाळीस वर्षांची सवय! तिने गरम यखनी बरण्यांत भरली, झाकणे घट्ट केली, फ्रीजमध्ये मावल्या तेवढ्या ठेवल्या, बाकीच्या खोलीत. काही बरण्या बसने नाशिकला गेल्या. पाचव्या दिवशी तिथून फोन आला की झाकणे फुगली आहेत. नशीब, कुणी चाखली नव्हती. त्या रात्री एकूण एक बरणी आम्ही स्वतः उभे राहून ओतली. भाची एक शब्द बोलली नाही.

नंतर एका जाणत्या डॉक्टरांनी समजावले. कुकरमध्ये १२० अंशांवर जंतू मेले तरी झाकण उघडून, पळीने बरणीत भरताना नवे शिरतात. आंबटपणा नसलेल्या बंद बरणीत असाही एक जंतू वाढतो की त्याचे विष माणसाचा जीव घेते आणि झाकण फुगेलच याची खात्री नसते. कारखान्यात बंद केलेली बरणीच पुन्हा दाबाखाली तापवतात. ते यंत्र, ती तपासणी घरी होत नाही. घरच्या यखनीला दोन तासांत थंड करून फ्रीजमध्ये ठेवावे, तीन-चार दिवसांत संपवावे, पिताना पुन्हा खळखळून उकळावे. यात कसूर नको.

म्हणून आमचे मत असे की ज्या भगिनींना हा धंदा करायचा आहे त्यांनी बरणीच्या नादी लागू नये. अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी करावी आणि रोजची यखनी रोज, गरम विकावी. नफा कमी दिसेल, पण रात्री झोप लागेल. भाची आता तेच करते. सकाळी रात्रपाळीचे कारागीर मागांवरून सुटतात तेव्हा तिच्या दारात दोन कुकर तयार असतात, नऊपर्यंत रिकामे होतात. रिकाम्या बरण्यांत तिने लोणचे भरले आहे, लेबल मात्र अजून यखनीचेच. आमचे पैसे अर्धेअधिक परत आले, बाकीचा तगादा आम्ही लावलेला नाही. शुक्रवारी कारखाने बंद, तिचीही सुट्टी. त्या दिवशी ती घरच्यापुरतीच करते आणि एक डबा आमच्याकडे पाठवते.