स्वस्त यूव्ही इरेझर: चिप खरंच पुसली जाते का? आणि डोळ्यांचं काय?

समजा, खोपोलीतल्या एका वर्कशॉपमध्ये जुन्या मशीनचं कंट्रोल कार्ड दुरुस्तीला आलंय. त्यावर काचेची छोटी खिडकी असलेली ईप्रॉम चिप आहे. नवा प्रोग्राम भरण्याआधी ती पुसावी लागते. मग लोकल पकडून मुंबईत लॅमिंग्टन रोडला जायचं, नाहीतर ऑनलाइन स्वस्तातला यूव्ही इरेझर मागवायचा. पण या डब्यावर किती विश्वास ठेवावा?

चिप पुसते कशी?

ईप्रॉमचा शोध 1971 मध्ये इंटेलच्या डॉव्ह फ्रोमन यांनी लावला. चिपवरची खिडकी क्वार्ट्झची असते, कारण साधी काच यूव्ही-सी प्रकाश अडवते. 253.7 नॅनोमीटरचा प्रकाश आत गेला की अडकलेला विद्युतभार निघून जातो आणि सगळे बिट 1 होतात. डेटाशीटनुसार 12,000 मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर तीव्रता असेल आणि चिप दिव्यापासून इंचभर अंतरात असेल, तर 15 ते 20 मिनिटं लागतात.

स्वस्त डबा कुठे फसवतो?

• जांभळा उजेड दिसला म्हणजे यूव्ही-सी आहे असं नाही. नोटा तपासायच्या ट्यूबने हे काम होत नाही.

• ट्यूब जुनी झाली की लागते, पण यूव्हीचा जोर कमी झालेला असतो.

• कर्जत-खालापूरच्या पावसाळ्यात वीज गेली, तर दिवा विझतो. स्प्रिंगचा टायमर मात्र फिरत राहतो. चिप अर्धवट पुसली जाते आणि ‘टिंग’ वाजतं.

अर्धवट पुसलेली चिप तपासणीत कोरी दिसू शकते. मशीन तापल्यावर मात्र एखादा बिट चुकतो आणि दोष भलत्याच भागावर जातो.

डोळ्यांना धोका किती?

या प्रकाशासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा 8 तासांत 6 मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर आहे. वर सांगितलेल्या तीव्रतेला ती अर्ध्या सेकंदात संपते. त्या क्षणी काहीच जाणवत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी येतं. वेल्डिंगचा आर्क लागल्यावर होतं तसंच. त्वचाही लाल होते.

धोका फक्त इरेझरचा नाही. कोविडकाळात हातात धरायचे यूव्ही दिवे घरोघरी पोहोचले. त्यातले काही दिवे काही सेकंदांत इजा करू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने 2022 मध्ये दिला.

घेण्याआधी काय बघाल?

• ड्रॉवर उघडताच दिवा आपोआप बंद व्हायला हवा. होत नसेल तर डबा परत करा.

• धातूच्या डब्याला तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग हवं. दमट हवेत हे जास्तच महत्त्वाचं.

• ट्यूबवर 254 नॅनोमीटर किंवा यूव्ही-सी लिहिलेलं आहे का ते पाहा.

• फटीजवळ लांबून पांढरा कागद धरा. तो निळसर उजळला तर प्रकाश गळतोय.

• चिप कोरी दिसल्यावरही तेवढाच वेळ पुन्हा ठेवा.

• ट्यूबमध्ये पारा असतो. फुटली तर खिडक्या उघडा, झाडू मारू नका. तुकडे जाड कागदाने उचला आणि ई-कचऱ्यात द्या.

स्विच नसलेल्या डब्यात वाचलेले पैसे डोळ्यांच्या डॉक्टरकडे एका फेरीत संपतात.