अण्णांचा सव्वा मैल

मंडळी, गेल्या अंकातल्या लोणच्याच्या लेखाबद्दल तुमचे इतके फोन आले की या खेपेलाही खारा-आंबटच विषय घ्यावा असं वाटलं होतं. पण परवा गराज आवरताना हे आतून एक टिकाव घेऊन आले आणि म्हणाले, "दांडा बदलायला हवा." टिकाव अण्णांचा. मग लोणचं बाजूला राहिलं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. २०१९च्या फेब्रुवारीत गेले, ८७व्या वर्षी. मंडळाच्या जुन्या सभासदांना ते नक्की आठवतील. डोक्याला पांढरी टोपी, पायात नातवाचे जुने स्नीकर्स, आणि गणेशोत्सवाची आरती संपून मंडळी प्रसादाच्या रांगेत उभी राहिली की शाळेच्या हॉलमधल्या खुर्च्या मोजून रचणारे. त्यांच्यावर मी तेव्हाच लिहायला हवं होतं. घेतलं की हात थांबायचा. का, ते पुढे येईलच.

अण्णा बांधकाम खात्यात ओव्हरसियर. राहणं पुण्याला, नोकरी गावोगाव. रविवारी पुण्यात असले की पहाटे सायकल काढून सिंहगडाचा पायथा गाठायचा, गड चढायचा, वर पिठलं-भाकरी खायची आणि येताना पिशवीभर कचरा घेऊन उतरायचं. १९७२च्या दुष्काळात ते नगर जिल्ह्यात कामांवर होते. शेतं करपलेली, गुरं विकलेली, अशी माणसं खडी फोडायला यायची. रस्ते आणि पाझर तलाव त्यांच्याच हातून झाले. अण्णांचं एक वाक्य तेव्हापासूनचं: "पाण्याला वाट काढून दिली नाही, तर पाणी वाटेची वाट लावतं."

सासूबाई गेल्यावर, १९९६ साली, ते आमच्याकडे न्यू जर्सीला आले. पहिली दोन वर्षं कठीण गेली. आम्ही दोघं कामावर, मुलगा शाळेत, गाडी येत नाही आणि गाडीवाचून कुठे जाता येत नाही. संध्याकाळी घरी यावं तर अण्णा खिडकीशी बसलेले असायचे. "आज तीन कुत्री गेली आणि एक पोस्टमन," म्हणायचे. मी हसायची. आता तितकं हसू येत नाही.

मग एका शनिवारी पलीकडे न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरिमन पार्कात गेलो. आमच्यापासून तासाभराच्या आत. जंगल, तळी, जुन्या लोखंडाच्या खाणींची भगदाडं. जॉर्जियापासून मेनपर्यंत १४ राज्यांतून जाणारी, सुमारे २,१९० मैलांची ती ॲपलाचियन ट्रेल आहे ना, तिचा अगदी पहिला तुकडा १९२३ साली इथे, बेअर माउंटन आणि हॅरिमनमध्ये, खुला झाला. आम्ही फोटो काढत होतो. अण्णा मात्र वाकून काठीच्या टोकाने वाटेतल्या एका चरातली पानं उपसत होते. पाऊस होऊन गेला होता, चर तुंबला होता आणि पाणी वाटेवरूनच धावत होतं. चर मोकळा झाला तसं ते गुमान बाजूला वळलं.

मागून पांढऱ्या केसांच्या, हातात करवत घेतलेल्या एक अमेरिकन बाई आल्या. अण्णांचं इंग्रजी सरकारी पत्रापुरतं, त्यांचं मराठी शून्य. दोघांनी चिखलात काठीने रेघा ओढून अर्धा तास गप्पा मारल्या. विषय एकच, उतार. जाताना बाईंनी एक पत्रक दिलं. त्यावरून कळलं की या साऱ्या वाटा स्वयंसेवक राखतात. न्यूयॉर्क-न्यू जर्सी ट्रेल कॉन्फरन्स ही संस्था १९२०पासून हे काम करते. एकेका माणसाकडे वाटेचा एकेक तुकडा असतो. त्याने वर्षातून निदान दोनदा जायचं, फांद्या छाटायच्या, पडलेलं झाड कळवायचं, झाडांवरच्या खुणा पुन्हा रंगवायच्या, चर साफ करायचे.

अण्णांच्या वाट्याला सव्वा मैल आला. ही १९९८ची गोष्ट.

दोनदा जायचं असं ठरलेलं, अण्णा दर महिन्याला जायचे. म्हणजे मी न्यायची. खरं सांगते, मला राग यायचा. आठवड्याची धुणी, ग्रोसरी, मुलाचं सॉकर, आणि वर हे. दोन वर्षं मी त्यांना सोडून गाडीतच वाचत बसत असे. एकदा काच ठोठावून म्हणाले, "अगं, दगड एकट्याला हलत नाही. जरा ये." गेले. मग जातच राहिले.

वाटेवर तिरका दगड बसवायचा, म्हणजे वरून येणारं पाणी त्याला थटून कडेला निघतं. सरळ आडवा घातला तर पाणी तुंबतं आणि दगडावरून उडी मारतं. दगडाचा बराचसा भाग जमिनीत गाडलेला हवा, पाय देऊन हलता कामा नये. "दगड बसला पाहिजे, नुसता ठेवलेला नको." हेमंतात सगळी पानं गळली की चर हमखास तुंबतात, तेव्हाची खेप चुकवायची नाही. घरी आलं की गोचिडी शोधायच्या. तीन पानांच्या पॉयझन आयव्हीला हात लावायचा नाही. तिथली काही तळी १९३०च्या मंदीत बेकार तरुणांना काम देऊन केलेली आहेत हे कळल्यावर अण्णा धरणाच्या भिंतीवर हात फिरवत म्हणाले होते, "म्हणजे यांचीसुद्धा रोजगार हमी!"

ह्यांनी मात्र तिथे कधी पाऊल टाकलं नाही.

कारण जुनं होतं. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, खडकवासलाही फुटलं, आणि पुण्यात नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आमच्या घरच्यांचा वाडा उंचावर, तो वाचला. अण्णा फावडं घेऊन जे बाहेर पडले ते अकरा दिवस लोकांच्या घरांतला गाळ उपसत होते. रात्री अंग टाकायला यायचे, पहाटे पुन्हा जायचे. घरी हे दोन वर्षांचे, तापाने फणफणलेले. नळाला पाणी नाही. सासूबाई एका काखेत मूल घेऊन वाड्याच्या विहिरीवरून पाणी ओढत होत्या. त्यांनी ही हकिगत मला अनेकदा सांगितली, ह्यांनाही लहानपणापासून. शेवटी एकच वाक्य: "गावाचं झालं, घराचं राहिलं." हे वडिलांशी कधी भांडले नाहीत. पण लोकांच्या वाटा झाडायला जाणं त्यांना जमत नव्हतं. आणि म्हणूनच मला लिहिता येत नव्हतं. नुसतं कौतुक लिहिलं असतं तर सासूबाईंशी खोटं बोलल्यासारखं झालं असतं.

२०१५च्या हेमंतात अण्णा शेवटचे हॅरिमनला आले. वय ८३. मी चर साफ करत होते, ते ओंडक्यावर बसून सूचना देत होते. कसा कोण जाणे, पानशेतचा विषय निघाला. जरा थांबून म्हणाले, "तिचं बरोबर होतं. मला गल्लीतला चिखल दिसला, घरातला ताप दिसला नाही."

मी म्हटलं, "अण्णा, हे त्याला सांगा ना."

"सांगेन," म्हणाले. सांगितलं नाही. आपल्या त्या पिढीला बापाने मुलाची माफी मागायची रीतच ठाऊक नव्हती. मीही सांगितलं नाही. वाटलं, निरोप माझा नाही, त्यांचा त्यांनी द्यावा. ही माझी चूक.

ते गेल्यावर एप्रिलमध्ये संस्थेला वाटेचा अहवाल पाठवायचा होता. कागदोपत्री तुकडा अण्णांच्याच नावावर. मी एकटी निघाले, तर हे म्हणाले, "मी गाडी चालवतो." वाटेवर तिसऱ्या दगडापाशी, बर्फ वितळून पाणी वाहत होतं तिथे, मी अण्णांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. हे काही बोलले नाहीत. बराच वेळ त्या दगडाकडे बघत उभे राहिले, मग त्यावर पाय देऊन जोर करून पाहिला. हलला नाही. "चांगला बसवलाय," म्हणाले. आणि खाली बसून हातानेच चरातली पानं काढायला लागले.

त्या सव्वा मैलाची जबाबदारी आता आमच्या दोघांची आहे. ह्यांचे गुडघे कुरकुरतात, माझी पाठ. नातवंडं येतात, पण त्यांना बेडूक बघायचे असतात. म्हणून मंडळातल्या तरण्या हातांना विनंती, मेच्या पहिल्या शनिवारी या. दोन चर नव्याने काढायचे आहेत. लांब बाह्यांचे कपडे, जाड मोजे, डबा आपापला. टिकाव आमच्याकडे आहे, तोवर दांडाही बसवून होईल. आणि घरात कोणी आजारी असेल, तर मात्र येऊ नका. त्यांच्यापाशी बसा. चर पुढच्या महिन्यातही काढता येतील.