लवंगेचे तेल म्हणजे फ्रिज नव्हे!

गेल्या पावसाळ्यात एका बचत गटाच्या भगिनींनी चिकनचे लोणचे विक्रीला काढले. "साहेब, केमिकल काही नाही. लवंगेचं तेल घातलंय, बाहेर ठेवलं तरी महिनाभर हलत नाही," असे त्यांनी मला छातीठोकपणे सांगितले. पंधरा दिवसांत बरण्यांची झाकणे फुगली. सगळा माल न उघडता खड्ड्यात पुरावा लागला. पैसे बुडाले, पण कुणाच्या पोटात गेले नाही हे नशीब!

म्हणून तेलात दम नाही, असे समजू नका. लवंगेतील युजेनॉल, ओव्यातील थायमॉल आणि दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड हे घटक जिवाणूंच्या पेशीचे आवरण दुबळे करतात. चरबी खवट होणेही लांबवतात. मग गोम कुठे आहे? प्रयोगशाळेच्या नळीत जे तेल जिवाणू मारते, त्याचा बराच भाग मांसातल्या चरबीत आणि प्रथिनात अडकून पडतो. तेवढाच परिणाम हवा तर तेल कितीतरी जास्त लागते. मग लोणच्याला दातदुखीच्या औषधाचा वास येतो आणि गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही.

खरा धोका पुढेच आहे. लोणच्यावरच्या तेलाच्या थराखाली हवा पोचत नाही. क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम हा जिवाणू हवेशिवायच वाढतो आणि जीवघेणे विष तयार करतो. ते वासावरून कळेलच असे नाही. त्याला रोखायला आंबटपणा लागतो. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस फोडीच्या आतपर्यंत मुरून सामू ४.६ च्या खाली यायला हवा. ताजे मांस, खिमा, कबाब यांना ४ अंशांखालचा गारवा हवाच.

तेव्हा भगिनींनो, आधी स्वच्छ हात, मग पुरेसे शिजवणे, मग आंबटपणा आणि गारवा. सुगंधी तेल सगळ्यात शेवटी. तेही खाद्य प्रतीचे आणि मोजून. औषधाच्या दुकानातली बाटली पातेल्यात ओतू नका.

आणि एक मागणी आमच्याच यंत्रणेकडे. गटांना कर्ज आणि पॅकिंगचे प्रशिक्षण मिळते, पण मालाचा सामू तपासायला जायचे कुठे? ही सोय तालुक्याच्या गावी झाली पाहिजे. 'नैसर्गिक' हे लेबल चिकटवणे सोपे आहे, लोणच्याची हमी मात्र तपासणीनेच मिळते.